रुळांमधली माया

गेल्या दिवाळीत आमच्या घरी दोन संसार एकाच वेळी उभे राहिले. अंगणात मुलांचा मातीचा किल्ला आणि ओसरीवर भाच्याची आगगाडी. किल्ल्याचे काम तसे सोपे असते. दगडविटा रचाव्या, वर चिखल लिंपावा, अळीव पेरावे, आणि एखादा बुरूज वाकडा झालाच तर तो तोफेच्या माऱ्याने खचला असे खुशाल सांगावे. आगगाडीला ही सवलत नाही. तिचा रूळ जरा कलला की गाडी आडवी होते, आणि मग कोणतीही बखर तिच्या मदतीला धावून येत नाही.

भाच्याला हे वेड लागले ते पुण्याला. कोथरूडमधले जोशी यांचे लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. ते त्याने शाळकरी वयात पाहिले आणि घरी येऊन आठ दिवस तो शिट्ट्या फुंकत हिंडला. आता तो मिळवता झाला आहे, आणि पगारातले दोन पैसे बाजूला टाकून खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या गाड्या जमवतो. ओसरीवरच्या फळीचा सगळा आराखडा त्याने संगणकावर काढला होता. त्यासाठी खास आज्ञावली मिळतात. रुळांचे तुकडे पडद्यावर जोडीत जायचे, कुठल्याही दोन बिंदूंवर टिचकी मारली की त्यांच्यामधले अंतर मिलिमीटरमध्ये आपोआप पुढे येते.

“मामा,” तो मला म्हणाला, “दोन्ही मार्गांमध्ये सगळीकडे बरोबर पन्नास मिलिमीटर ठेवलंय. केसाचा फरक नाही.”

लक्ष्मीपूजन आटोपल्यावर आळीतली सारी मुले ओसरीवर गोळा झाली. दोन गाड्या दोन दिशांनी सुटल्या. सरळ रुळावर त्या एकमेकींच्या शेजारून अशा डौलाने गेल्या की आमच्या आईनेही हातातले तबक खाली ठेवले. मग वळण आले. आतल्या गाडीचा एक डबा कोपऱ्याने बाहेर आला, बाहेरच्या गाडीचा डबा पोटाने आत आला, ‘खट्’ असा आवाज झाला आणि दोन्ही गाड्या फळीवर लोळू लागल्या. क्षणभर सगळे चूप. मग एका लहानगीने विचारले, “पण मोजलं होतं ना?”

मोजले होते. मोजण्यात तसूभरही चूक नव्हती. तरी गाड्या आदळल्या. मी मराठी शिकवणारा मास्तर. यंत्रांचे मला फारसे कळत नाही. पण त्या मुलीच्या प्रश्नाने मला त्यानंतर बरेच दिवस पुस्तके चाळायला लावले, आणि शोधता शोधता असे दिसले की आमच्या ओसरीवर जे घडले ते आगगाडीच्या जन्मापासून घडत आले आहे.

पहिली गोष्ट ही की, ‘दोन मार्गांमधले अंतर’ हे शब्द ऐकायला जेवढे सरळ तेवढे ते सरळ नाहीत. अंतर मोजायचे ते कोठून कोठवर? एका मार्गाच्या आपल्याकडच्या रुळापासून दुसऱ्या मार्गाच्या आपल्याकडच्या रुळापर्यंत? की एका मार्गाच्या मध्यरेषेपासून दुसऱ्याच्या मध्यरेषेपर्यंत? की एका गाडीच्या अंगापासून दुसऱ्या गाडीच्या अंगापर्यंत? इंग्लंडमधले रेल्वे-कामगार दोन मार्गांमधल्या मोकळ्या पट्टीला ‘सिक्स फूट’ म्हणतात, कारण रुळापासून रुळापर्यंत ती सहा फूट असते. पण त्याच जागी मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत मोजले तर ११ फूट २ इंच भरतात. दोन मार्गांच्या रुंदीचे दोन अर्धे भाग मिळून ४ फूट साडेआठ इंच, मधले सहा फूट, आणि दोन रुळांच्या माथ्यांची जाडी साडेपाच इंच, अशी ही बेरीज आहे. आणि गाडीच्या अंगापासून गाडीच्या अंगापर्यंत पाहाल तर सहा फूटही उरत नाहीत, कारण डबा रुळांच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. जागा एकच, मापे तीन, आणि तिन्ही खरी. माणसाचा जीव मात्र या तिसऱ्या मापावर अवलंबून असतो.

हे तिसरे माप विसरले गेले आणि त्याची किंमत पहिल्याच दिवशी द्यावी लागली. १५ सप्टेंबर १८३० रोजी इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग सुरू झाला. जॉर्ज स्टीफन्सन या खाणकामगाराच्या मुलाने तो बांधला होता. मार्ग दुहेरी होता, आणि दोन मार्गांमधली मोकळी जागा जवळजवळ एका मार्गाच्या रुंदीएवढीच ठेवली होती. त्यामागे एक हिशेबी कल्पना होती असे सांगतात. कधी फारच रुंद ओझे न्यायचे झाले तर दोन्ही मार्गांचे आतले दोन रूळ धरून ते मधूनच नेता येईल! मधोमध एक तिसरा मार्ग फुकटात मिळत होता. काटकसरी मनाला याहून गोड काय असेल?

उद्घाटनाला पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन आले होते. १८०३ मध्ये असईच्या रणात मराठ्यांशी लढलेला ऑर्थर वेलस्ली तो हाच. त्याची खास गाडी दक्षिणेकडच्या मार्गावर होती आणि पाहुण्यांच्या इतर सात गाड्या उत्तरेकडच्या मार्गावरून चालल्या होत्या. वाटेत पार्कसाइड येथे ड्यूकची गाडी पाणी घेण्यासाठी थांबली. डब्यातून उतरू नये अशी सूचना होती. पण नव्या नवलाईत सूचना कोण पाळतो? बरीच मंडळी खाली उतरून रुळांवर फिरू लागली. त्यांत लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन होते. दोन वर्षांपूर्वी ते वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. मनातली अढी काढून टाकावी म्हणून ते ड्यूकच्या डब्यापाशी गेले आणि दोघांनी हस्तांदोलन केले.

एवढ्यात दुसऱ्या मार्गावरून ‘रॉकेट’ हे इंजिन येताना दिसले. त्याला ब्रेक नव्हता. यंत्र उलटे फिरवून वेग मारायचा एवढाच उपाय. ड्यूकचा डबा शोभेसाठी मुद्दाम ऐसपैस बांधलेला, त्यामुळे तो रुळांच्या बाहेर बराच आलेला. कागदावर जी जागा चार-पाच फुटांची होती ती प्रत्यक्षात एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच उरली होती. हस्किसन यांच्याशेजारचे होम्स नावाचे गृहस्थ डब्याला चिकटून निश्चल उभे राहिले आणि वाचले. हस्किसन गोंधळले. त्यांनी डब्याचे दार धरले. ते दार त्यांच्यासकट बाहेरच्या बाजूला उघडले, थेट रॉकेटच्या वाटेत. त्यांचा पाय चिरडला गेला. स्टीफन्सनने स्वतः इंजिन हाकून त्यांना एकल्स गावी नेले. सुमारे १५ मैलांचे ते अंतर त्याने अवघ्या २५ मिनिटांत काटले. त्या काळी असा वेग कोणी पाहिला नव्हता. पण त्या रात्रीच हस्किसन वारले.

दोन मार्ग इतके जवळ का घातले, म्हणून स्टीफन्सनला पुढे दोष दिला गेला. रिकाम्या मार्गांवर त्याचे माप ठीक होते. मार्गावर गाडी येते, गाडीला दार असते, आणि दाराशी माणूस असतो, हे त्या मापात धरलेले नव्हते.

याच स्टीफन्सनची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. दोन रुळांमधली रुंदी त्याने आधी खाणींतल्या मार्गांप्रमाणे ४ फूट ८ इंच धरली होती. चाके वळणावर रुळांना घासतात असे दिसताच त्याने अर्धा इंच वाढवला. जगातल्या बहुतेक आगगाड्या आज ज्या ४ फूट साडेआठ इंचांवर धावतात, त्यांतला तो चमत्कारिक अर्धा इंच येथून आला. त्याचा प्रतिस्पर्धी ब्रुनेल याने सात फुटांचा मार्ग घातला, आणि त्यालाही पुढे पाव इंच वाढवावा लागला. आपल्याकडचा शिंपी कापड बेतताना शिवणीच्या आत थोडे कापड सोडतो. त्याला तो ‘माया’ म्हणतो. माया न सोडलेला सदरा अंगावर बसतो खरा, पण हात वर केला की उसवतो. स्टीफन्सनचा अर्धा इंच आणि ब्रुनेलचा पाव इंच ही लोखंडातली मायाच होती. स्टीफन्सनने ती चाकांसाठी सोडली आणि माणसांसाठी सोडायची राहून गेली.

आपल्या देशात रूळ आले तेव्हा या सगळ्याचा थोडाफार धडा मिळालेला होता. लंडनच्या कंपनी सरकारचा कल विलायती ४ फूट साडेआठ इंचांकडे होता, तर गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला सहा फूट हवे होते. सल्लागार इंजिनिअर सिम्स यांनी सुचवलेल्या साडेपाच फुटांवर तडजोड झाली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती याच रुंदीवर. पुढे १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत खर्च वाचवण्यासाठी एक मीटर रुंदीचे मार्ग आले. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेने अडीच फुटांचा मार्ग घातला. १९०७ मध्ये माथेरानची गाडी दोन फुटांवर डोंगर चढू लागली. मिरजेच्या स्टेशनात १९७१ नंतर कित्येक वर्षे साडेपाच फूट, एक मीटर आणि अडीच फूट असे तिन्ही मार्ग शेजारी शेजारी नांदत. अशा ठिकाणी रुळापासून रूळ मोजून काय समजणार? लहान मार्गावरचा डबा रुळांबाहेर अधिक झुकलेला असतो, मोठ्या मार्गावरचा त्या मानाने कमी. म्हणून जाणते लोक मार्गाची मध्यरेषा धरतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना गाडीचे अंग किती येते ते पाहतात. भारतीय रेल्वेच्या नियमांत रुंद मार्गांच्या मध्यरेषांमधले अंतर जुन्या कामांत किमान ४.२६५ मीटर आणि नव्या कामांत किमान ५.३ मीटर आहे. रूळ तेच राहिले. माया मीटरभराने वाढली.

आता खेळण्यांकडे येऊ. कारण मोठ्यांच्या चुका लहानांच्या खेळात फार स्पष्ट दिसतात. जर्मनीत मार्कलिन नावाच्या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यांच्या आगगाडीची क्रमवार मापे मांडली. त्यांतले एक नंबरचे माप होते ४८ मिलिमीटर. पण ते मोजले होते एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. पुढे रुळांच्या आतल्या कडांपासून मोजायची रीत पडली आणि तोच मार्ग ४५ मिलिमीटरचा झाला. रूळ जागचे हलले नाहीत, फक्त फूटपट्टी सरकली. दोन देशांतले दोन गिऱ्हाईक एकाच मार्गाला दोन आकड्यांनी हाका मारीत असतील तर दुकानदाराने काय करावे?

इंग्लंडात याहून मोठा घोटाळा झाला. १९२२ मध्ये न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याची टेबलावर मावणारी आगगाडी इंग्लंडच्या बाजारात आली. तिच्या वंशातल्या पुढच्या गाड्यांच्या रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर ठरले. या रुळांना शोभेल असे प्रमाण म्हणजे एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. पण विलायती इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. त्या प्रमाणात ती केली तर पोटात यंत्र मावेना. म्हणून गाडी फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात वाढवली आणि रूळ होते तेवढेच ठेवले. अंगरखा मोठ्या भावाचा, विजार धाकट्याची! त्या हिशेबाने इंग्लंडची छोटी गाडी ४ फूट दीड इंचांच्या मार्गावर धावते. खऱ्यापेक्षा सात इंच अरुंद. १९६० च्या दशकात काही हट्टी मंडळींनी १८.८३ मिलिमीटरचा अगदी काटेकोर मार्ग बनवून दाखवला. परंतु दुकानात मिळतो तो आजही साडेसोळाचाच. एकदा घराघरांत पोचलेले माप परत बोलावता येत नाही. आपले हौशी लोकही साडेपाच फुटी रुळांवरची भारतीय गाडी याच तयार साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर पळवतात, आणि तिच्याकडे प्रेमाने पाहताना नऊ-दहा इंचांची तूट डोळ्यांआड करतात.

पण आमच्या ओसरीवरचा अपघात रुळांच्या रुंदीने झाला नव्हता. तो वळणाने केला. डबा सरळ असतो आणि वळण वाकडे. शाळेतल्या भूमितीच्या भाषेत वळण हा कंस आणि डबा ही त्याची जीवा. कंस आणि जीवा यांच्यामध्ये जी फट राहते तिला आपल्या जुन्या गणितज्ञांनी ‘शर’ म्हटले. धनुष्य, दोरी आणि बाण, किती नेमके चित्र! भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त जीवा, शर आणि व्यास यांचे नाते सांगणारा नियम दिला आहे. त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, आणि चाळीसगावावरून आज रात्रंदिवस आगगाड्या धावतात. डब्याच्या दोन चाकगाड्यांमधल्या अंतराचा वर्ग करावा आणि त्याला वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागावे, की डब्याचे पोट वळणाच्या आत किती येते ते जवळपास कळते.

भाच्याने आणि मी पाडव्याच्या सकाळी हाच हिशेब कागदावर मांडला. आपल्याकडचा नेहमीचा प्रवासी डबा २१.३ मीटर लांब. त्याच्या चाकगाड्यांमधले अंतर १४.८ मीटर. सत्त्याऐंशीव्या हिश्शाने डबा २४५ मिलिमीटर आणि चाकगाड्यांचे अंतर १७० मिलिमीटर. भाच्याच्या आतल्या वळणाची त्रिज्या ३६० मिलिमीटर, बाहेरच्याची ४१०. बाहेरच्या डब्याचे पोट आत येते ९ मिलिमीटर. आतल्या डब्याचा कोपरा बाहेर जातो ११ मिलिमीटर. डब्याची रुंदी ३७; म्हणजे दोन डब्यांचे अर्धे अर्धे अंग मिळून तेवढीच. एकूण हवे ५७, आणि ठेवले होते ५०. सात मिलिमीटरांसाठी लक्ष्मीपूजनाच्या रात्री गाड्या लोळल्या. त्याने पडद्यावर जेवढे म्हणून मोजले ते सरळ मार्गावर बरोबर होते. संगणक विचारल्याचे उत्तर देतो. वळणावर काय होईल, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

कारखानदारांना हे केव्हाच उमगलेले आहे. मार्कलिनच्या तयार वळणांच्या त्रिज्या पाहा: ३६०, ४३७.५, ५१५, ५७९.३, ६४३.६. पहिल्या तिघींमध्ये साडेसत्त्याहत्तर मिलिमीटरचे अंतर, पुढच्यांमध्ये ६४.३. वळण जितके तंग तितकी माया अधिक. युरोपातल्या हौशी मंडळींचा ‘मोरोप’ नावाचा महासंघ १९५४ पासून आहे. त्याच्या नियमांतही वळण लहान होईल तसे मार्गांमधले अंतर वाढवायला सांगितले आहे. आणि ज्याला आकडेमोडीचा कंटाळा आहे त्याच्यासाठी एक घरगुती युक्ती आहे. सर्वांत लांब डबा घ्यावा, त्याच्या पोटाशी आणि कोपऱ्याशी पेन्सिल धरावी आणि डबा हाताने वळणावरून फिरवावा. दोन मार्गांवर अशा उमटलेल्या रेघा एकमेकींना भिडल्या नाहीत, आणि मध्ये बोटभर जागा उरली, की निर्धास्त गाडी सोडावी.

खऱ्या मार्गावर वळणे इतकी तंग नसतात. भारतीय रेल्वेच्या रुंद मार्गावर १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तंग वळण घालीत नाहीत. तेथे हाच डबा पोटाने सुमारे १६ सेंटिमीटर आत आणि कोपऱ्याने सुमारे १७ सेंटिमीटर बाहेर येतो. दोन्ही मिळून फूटभर. फूट म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. परंतु मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद, म्हणजे लांब पल्ल्याच्या डब्यापेक्षा हातभर अधिक; आणि त्याच्या दाराशी माणसे असतात. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलगाड्या समोरासमोरून एकमेकींशेजारून जात असता दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. किमान चौघे प्राणास मुकले. कोणाचे कोठे चुकले हे ठरवणे माझे काम नाही. पण ती बातमी पुन्हा काढून वाचताना मला पार्कसाइडचे ते उघडे दार आठवल्यावाचून राहिले नाही. हस्किसन एका दिवसाच्या उत्सवासाठी आले होते. हे लोक रोजच्यासारखे कामाला निघाले होते. मधल्या १९५ वर्षांत गाड्या बदलल्या, वेग बदलला. दाराबाहेर आलेल्या माणसाला लागणारी जागा तेवढीच राहिली, आणि ती अजून कोणत्याही मापात धरलेली नाही.

भाच्याने पाडव्याला दुपारभर खपून बाहेरचे वळण उखडले आणि पडद्यावर ते नव्याने आखले. सरळ मार्गावर त्याने पन्नासच ठेवले. वळण जवळ येऊ लागताच मार्ग हळूहळू दूर सरकवीत नेले आणि ऐन वळणावर साडेसत्त्याहत्तर मिलिमीटर केले. पडद्यावर मोजतानाही या खेपेला त्याने एका मध्यरेषेपासून दुसरीपर्यंत, वर्तुळाच्या केंद्रातून काढलेल्या रेषेवर मोजले. कारण तिरके मोजले की अंतर आहे त्याहून जास्त दिसते आणि आपण फसतो.

संध्याकाळी मुले पुन्हा जमली. गाड्या सुटल्या. वळणावर दोन्ही शेजारून जाऊ लागल्या तशी सर्वांनी माना पुढे केल्या. कोपरा बाहेर आला, पोट आत आले, आणि दोघी एकमेकींना शिवल्यावाचून निघून गेल्या. आदल्या दिवशीची ती लहानगी वाकून बारकाईने पाहत होती. दुसऱ्या फेरीला तिने आपले इवलेसे बोट दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभे धरले. गाड्या तिच्या बोटाच्या दोन्ही अंगांनी गेल्या.

“बोट मावतं,” ती म्हणाली, आणि फराळाला उठून गेली.